इन्फ्रारेडने कृष्णधवल निगेटिव्हवरची धूळ निघते का?

जुन्या निगेटिव्ह घरी स्कॅन करणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षे फिरतो: 'स्कॅनरमधली इन्फ्रारेड धूळसफाई चालू करा, कृष्णधवल निगेटिव्हवरची धूळ आणि चरे आपोआप जातील.'

रंगीत निगेटिव्हसाठी हे खरं आहे, म्हणूनच सल्ला पटतो. रंगीत फिल्मवरचं चित्र रंगद्रव्यांचं असतं आणि त्यातून डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड किरण आरपार जातात. धूळ ते अडवते. अडलेली जागा स्कॅनर हेरतो, आजूबाजूचा भाग पाहून भरून काढतो.

नेहमीच्या कृष्णधवल फिल्मवर मात्र चित्र चांदीच्या बारीक कणांचं असतं. चांदीही इन्फ्रारेड अडवते. मग स्कॅनरला खुद्द चित्रच धूळ वाटतं आणि तो तेच 'दुरुस्त' करू लागतो. आजीच्या लुगड्याचे काठ, केसांच्या बटा पुसट होतात. नुकसान स्कॅनमध्ये होतं, निगेटिव्ह शाबूत राहते.

पडताळणी सोपी आहे. टीव्हीच्या रिमोटचं बटण दाबून त्याचा इन्फ्रारेड दिवा मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहा (बऱ्याचदा सेल्फी कॅमेऱ्यात दिसतो). आता रंगीत निगेटिव्हचं काळं टोक मध्ये धरा, दिवा दिसत राहील. कृष्णधवल फिल्मचं तितकंच काळं टोक धरलंत तर तो जवळजवळ झाकला जाईल.

अपवाद एकच: इलफर्ड एक्सपी२सारखी, रंगीत फिल्मच्या सी-४१ प्रक्रियेत धुतली जाणारी कृष्णधवल फिल्म. तिच्यात शेवटी चांदी उरत नाही, त्यामुळे तिथे ही सोय चालते.

बाकीच्यांसाठी हातपंपाने हवा मारा, मऊ ब्रश फिरवा, स्कॅनरची काच पुसा. उरलेले ठिपके संगणकावर एकेक काढा. वेळ लागतो, पण चेहरे जसेच्या तसे राहतात.