सपोर्ट संपलेला ड्रायव्हर आणि वागळे इस्टेटमधली एक्सेल शीट

ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून रबाळे, महापे, तुर्भ्यापर्यंतच्या लहान कारखान्यांत जॉबवर्कची चलानं, स्टॉक आणि पार्टीकडची येणी सांभाळणारं सॉफ्टवेअर अजूनही कुठे कुठे व्हिज्युअल बेसिक ६ (व्हीबी ६) या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतलं असतं आणि डेटा मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेसच्या एका एमडीबी फाइलीत. लिहून देणारा ओळखीतलाच कुणीतरी, वर्षाला एएमसी, म्हणजे देखभालीचे पैसे, घेणारा. असं सॉफ्टवेअर अडतं तेव्हा प्रोग्राम बहुतेक वेळा धडधाकट असतो, डेटाही जागच्या जागी असतो. अडते ती दोघांमधली जोडणी, जिच्याकडे सॉफ्टवेअर घेतानाही कुणी पाहिलेलं नसतं.

या जोडणीचं पहिलं सर्वमान्य रूप म्हणजे ओडीबीसी. मायक्रोसॉफ्टने ते १९९२ मध्ये आणलं. प्रोग्रामने एकाच ठरावीक पद्धतीने विचारायचं. समोर ओरॅकलचा डेटाबेस असो की मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर, त्या त्या डेटाबेसचा ड्रायव्हर, म्हणजे मधला दुभाषा, पुढचं बघेल. इथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण जोडणीच्या नव्या नव्या पद्धती येतच राहिल्या: ॲक्सेसबरोबर डीएओ आलं, मग आरडीओ, १९९६ मध्ये ओएलई डीबी आणि त्यावरचं एडीओ, २००२ मध्ये एडीओ डॉट नेट. प्रत्येक वेळी सूर एकच, यापुढे हेच वापरा. बोरलँड कंपनीच्या डेल्फीत प्रोग्राम लिहिणाऱ्यांचंही तेच झालं; त्यांचं बीडीई मागे पडलं आणि डीबीएक्सप्रेस पुढे आलं. जावा या भाषेने १९९७ मध्ये जेडीबीसी ही स्वतःची जोडणी आणली तेव्हा ओडीबीसीपर्यंत पोहोचायला एक ब्रिजही दिला होता. २०१४ च्या जावा ८ मध्ये तो काढून टाकला आणि जावातून एमडीबी वाचणारे उघड्यावर पडले.

सगळ्यात मजेशीर प्रकरण ओएलई डीबीचं. ऑगस्ट २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की एसक्यूएल सर्व्हरसाठी हे आता बंद होणार, सगळ्यांनी ओडीबीसीकडे परतावं. ज्यांच्याकडे बजेट होतं त्यांनी कोड नव्याने लिहायला घेतला. ज्यांच्याकडे नव्हतं ते हात बांधून बसले. ऑक्टोबर २०१७ मध्ये कंपनीने तो निर्णयच फिरवला आणि २०१८ मध्ये ओएलई डीबीचा नवा ड्रायव्हर आणला. म्हणजे आळस करणारे जिंकले! दर वेळी असं होत नाही, हेही खरं.

‘सपोर्ट संपला’ याचा अर्थही प्रत्येक ठिकाणी वेगळा निघतो. व्हीबी ६ ज्यात लिहितात त्या साधनाचा सपोर्ट एप्रिल २००८ मध्ये संपला, पण त्यात बनलेले प्रोग्राम विंडोज ११ वरही चालतात. एमडीबी फाइल वाचणारा विंडोजचा भाग म्हणजे जेट इंजिन, तेही विंडोजमध्ये अजून आहे, फक्त ३२ बिटचं. ६४ बिटचं जेट कधी निघालंच नाही. त्यामुळे नवा पीसी आला तरी चलान निघतं आणि मालक खूश असतात. रडकुंडीला येतो अकाउंटंट. ऑफिस २०१९ पासून ऑफिस आपणहून ६४ बिटचं बसतं, त्याला ३२ बिटचं जेट वापरता येत नाही, आणि महिनाअखेरीची जी एक्सेल शीट थेट एमडीबीतून आकडे ओढायची ती म्हणते, ‘प्रोव्हायडर इज नॉट रजिस्टर्ड’. (प्रोव्हायडर म्हणजे ओएलई डीबीच्या भाषेत ड्रायव्हर.)

मग कुणीतरी ओडीबीसीची सेटिंग बघायला जातो आणि तिथे वेगळीच गंमत. ६४ बिटच्या विंडोजमध्ये ‘ओडीबीसीएडी३२’ या एकाच नावाच्या दोन फाइली आहेत. ‘सिस्टिम३२’ फोल्डरमधली ६४ बिटची आणि ‘सिसवाव६४’ मधली ३२ बिटची. छापताना चूक झाल्यासारखं वाटतं, पण खरोखर तसंच आहे. एकीत बनवलेला सिस्टिम डीएसएन, म्हणजे जोडणीची नाव देऊन ठेवलेली सेटिंग, दुसऱ्या बिटचा प्रोग्राम वापरू शकत नाही. ॲक्सेसचं वेगळं इंजिन टाकावं तर ३२ आणि ६४ बिट एकत्र नांदायला साधा इन्स्टॉलर नकार देतो. शेवटी बरेच जण ऑफिस काढून ३२ बिटचं बसवतात. माझ्या मते लहान युनिटसाठी तेच शहाणपणाचं.

एसक्यूएल सर्व्हरवर गेलेल्यांचा त्रास निराळा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा कोडला हात लावावाच लागला, म्हणून काहींनी त्याच वेळी डेटा एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस या फुकट आवृत्तीवर नेला, पण कनेक्शन स्ट्रिंगमध्ये, म्हणजे कुठल्या ड्रायव्हरने कुठे जोडायचं हे सांगणाऱ्या ओळीत, जुना ‘एसक्यूएलओएलईडीबी’ प्रोव्हायडर तसाच राहिला. त्याला टीएलएस १.२, म्हणजे डेटा कूटबद्ध करून पाठवायची नवी पद्धत, येत नाही. ऑडिटरच्या सांगण्यावरून सर्व्हरवर जुनं टीएलएस बंद केलं की सकाळी सगळ्या टेबलांवर एकदम ‘एसएसएल सिक्युरिटी एरर’. २००५ चा नेटिव्ह क्लायंट हा त्याचा वारसदार. तोही एसक्यूएल सर्व्हर २०२२ मधून वगळला. २०२२ मध्येच ओडीबीसी ड्रायव्हर १८ आला, ज्यात एन्क्रिप्शन (डेटा कूटबद्ध करणं) आपोआप चालू असतं. सर्व्हरवर त्याची ओळख पटवणारं खात्रीचं सर्टिफिकेट नसेल तर जोडणीच होत नाही. ‘ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेट’ला हो म्हणून बहुतेक जण पुढे जातात. ऑफिसातल्या लॅनवर ते चालून जातं, इंटरनेटवरून शाखा जोडलेली असेल तर अजिबात करू नये.

कनेक्शन स्ट्रिंग कोडमध्ये दहा ठिकाणी न लिहिता एका फाइलीत ठेवणाऱ्यांचं काम तासाभरात होतं. त्यांच्यासाठी एक सोपी युक्तीही आहे: कोरी टेक्स्ट फाइल घ्यायची, तिचं एक्स्टेंशन ‘यूडीएल’ करायचं आणि डबल क्लिक करायचं. कुठले प्रोव्हायडर बसले आहेत ते दिसतं, टेस्ट कनेक्शनचं बटण मिळतं आणि तयार स्ट्रिंग त्याच फाइलीत उतरते. मात्र ६४ बिटच्या विंडोजवर डबल क्लिक केलं की यादी ६४ बिटच्या प्रोव्हायडरांचीच येते, जेट त्यात नसतं.