फिल्टर लावण्याआधी एकदा चाळून पाहा
(आमच्या डायलर सेवेच्या, म्हणजे आपोआप फोन लावणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास आम्हाला ठरलेला फोन येतो. "डायलर बंद पडलाय, एजंट नुसते बसून आहेत." फोन सातपूरहून असो की नाशिक रोडहून, आम्ही आधी एकच विचारतो: शनिवारी फिल्टर कोणी बदलला? पलीकडे क्षणभर कुणी बोलत नाही. डायलर ठणठणीत असतो. नव्या फिल्टरने सगळ्या लीड्स (फोन करायच्या लोकांच्या नोंदी) अडवलेल्या असतात आणि हॉपर, म्हणजे पुढे लावायच्या नंबरांची रांग, रिकामा असतो.

ही चूक त्यातल्या त्यात बरी, कारण ती लगेच उघडी पडते. फिल्टर निम्माच चुकला तर मात्र कॉल चालू राहतात, एजंट कामात दिसतात, आणि अर्ध्या गावांना आपण फोनच केला नाही हे महिनाअखेरीला समजतं. हे पत्रक मुख्यतः त्या दुसऱ्या चुकीसाठी आहे.

फिल्टर करतो काय?

व्हिसिडायल या डायलर सॉफ्टवेअरमध्ये फिल्टर म्हणजे एसक्यूएलमध्ये (डेटाबेसमधून नोंदी निवडायच्या भाषेत) लिहिलेली एक अट. उदाहरणार्थ, 'चारपेक्षा जास्त आणि आठपेक्षा कमी वेळा कॉल झालेल्या लीड्स'. हॉपर भरणारी स्क्रिप्ट लीड्स निवडताना ही अट आपल्या बाकीच्या अटींना जोडते. जोडणीचा 'अँड' ती स्वतः घालते. म्हणून तुमच्या अटीच्या सुरुवातीला किंवा शेवटी 'अँड' लिहू नका. लिहिलात तर सगळी ओळच मोडते.

फिल्टर ही एकटीच चाळणी नाही, हेही ध्यानात ठेवा. लिस्ट चालू आहे का, कोणते स्टेटस (मागच्या कॉलचा निकाल) डायल करायचे, लिस्ट रीसेट झाली आहे का (एकदा लावलेले नंबर पुन्हा लावायला मोकळे झाले का), कॉलची वेळ कोणती, या सगळ्यांतून लीड पार व्हावी लागते. म्हणून डायल होऊ शकणाऱ्या लीड्सचा आकडा शून्य आला की लगेच फिल्टरला दोष देऊ नका. आधी फिल्टर काढून मोजा. तरीही शून्यच असेल, तर गोम दुसरीकडे आहे.

आधी अंदाज, मग आकडा

फिल्टर सेव्ह केल्यावर तो एखाद्या कॅम्पेनवर (एका कामासाठीच्या कॉल-मोहिमेवर) तपासून बघायची सोय फिल्टरच्याच पानावर आहे. त्यातून किती लीड्स डायल होऊ शकतात ते कळतं. पण बटण दाबण्याआधी तुमचा अंदाज कागदावर लिहून ठेवा. आकडा आधी पाहिला की तोच बरोबर वाटू लागतो, हा आमचा स्वतःचा अनुभव आहे. समजा 8,000 लीड्सपैकी साधारण 3,000 उरतील असं तुम्ही धरलं आणि आले 1,700, तर बाकीच्या कुठे गेल्या ते सापडेपर्यंत फिल्टर लावू नका.

त्या शोधायच्या कशा? अट उलटी करा आणि अडवलेल्या लीड्समधल्या वीस-पंचवीस ओळी डोळ्यांनी वाचा. पीठ चाळल्यावर आपण चाळणीत राहिलेलंही बघतोच की! इथे मात्र सगळे फक्त खाली पडलेलं बघतात.

आपल्याकडचे नेहमीचे खड्डे

'नाशिक जिल्हा हवा' म्हणून पिनकोड 422 ने सुरू होणाऱ्या लीड्स घेतल्या, की मालेगाव, मनमाड आणि येवला गेले, कारण त्यांचे पिन 423 ने सुरू होतात. उलट संगमनेर आणि अकोले आत आले. त्यांचे पिन 422 चेच, पण जिल्हा अहिल्यानगर. बरं, 423 ही जोडलं तर कोपरगाव येतं. पिनचे पहिले तीन आकडे टपालाच्या सोयीचे आहेत, जिल्ह्याची हद्द दाखवायला नव्हेत. तालुक्याचा रकाना भरलेला असेल तर तोच वापरा, नाहीतर पूर्ण सहा आकडी पिनची यादी द्या.

शहराच्या नावावर चाळायचं तर इंग्रजीत कुणी 'नाशिक' लिहितं, कुणी 'नासिक'. डेटा तीन ठिकाणांहून आलेला असेल तर दोन्ही सापडणारच.

'किंवा' लिहिताना कंस घाला. 'निफाड किंवा सिन्नर, आणि तीनपेक्षा कमी कॉल' ही अट कंसाशिवाय लिहिली तर एसक्यूएल आधी 'आणि' जोडतं. तीन कॉलची मर्यादा फक्त सिन्नरला लागते आणि निफाडची प्रत्येक लीड बिनशर्त पार होते. मग ऐन द्राक्षतोडीत तिथल्या बागायतदाराला नववा फोन जातो, आणि तो जे बोलतो ते आमच्या रेकॉर्डिंगमध्ये आहे.

रिकाम्या रकान्याचंही तसंच. रकान्यात 'नल' असेल तर 'अमुक नाही' या अटीतही ती लीड बसत नाही. तिला वेगळी अट लिहून आत घ्यावी लागते.

साक्षीदार लीड्स

आम्हाला सगळ्यात भरवशाची वाटणारी चाचणी ही. दहा लीड्सची एक छोटी लिस्ट करा आणि नंबर ऑफिसातल्याच लोकांचे घाला. पाच फिल्टरमधून जायला हव्यात, पाच अडायला हव्यात. काठावरच्या मुद्दाम ठेवा: मर्यादा तीन कॉलची असेल तर दोन, तीन आणि चार कॉल झालेल्या. वेगळ्या चाचणी कॅम्पेनवर एका एजंटला बसवा आणि कोणाचा मोबाइल वाजतो ते बघा. वेळ पंधरा मिनिटं.

खऱ्या कॅम्पेनवर फिल्टर बदलल्यावर हॉपर रीसेट करा. आधीच भरलेल्या लीड्स जुन्या अटीच्या असतात.

फिल्टरवर सोडू नये असं काही

डीएनडी, म्हणजे 'जाहिरातीचे फोन नकोत' ही ग्राहकाची नोंद. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) 2018 च्या नियमांनुसार ग्राहकाची पसंती टेलिकॉम कंपन्यांच्या डीएलटी व्यवस्थेत (त्यांच्या सामायिक डिजिटल नोंदवहीत) तपासली जाते. आपल्या फिल्टरला ती माहीत नसते. कर्जवसुलीचे फोन सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर करू नयेत, असं रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये सांगितलं आहे. त्यासाठी कॅम्पेनची कॉल-वेळ लावा. अमेरिकेचं काम असेल तर तिथली घड्याळं मार्च आणि नोव्हेंबरमध्ये सरकतात, त्या आठवड्यात वेळा हाताने पडताळा.

नवीन फिल्टरची अट आणि तुमच्या अंदाजाचा आकडा आम्हाला पाठवा, आम्ही तपासून देतो. त्याचे पैसे घेत नाही. शनिवारी संध्याकाळी सहानंतर पाठवलेला फिल्टर मात्र सोमवारीच बघू, आणि तोवर तो लावू नका.