रस्त्याच्या वाटणीचा इतिहास: बस, पायी आणि सायकलसाठीच्या कामांची पार्श्वभूमी

बससाठी राखीव मार्गिका, रुंद पदपथ, सायकलसाठी वेगळा ट्रॅक असे काम कुठेही निघाले की पहिली हरकत ठरलेली असते: गाड्यांचा रस्ता कमी होणार. या हरकतीच्या पोटात एक समजूत आहे. रस्त्याचा मधला, गुळगुळीत, रुंद भाग मुळात मोटारींचाच, आणि इतरांना द्यायचे ते त्यातून काढून, असे आपण धरून चालतो. इतिहास पाहिला तर हे खरे ठरत नाही. रस्त्याची आजची वाटणी साधारण १९२० ते १९६५ या काळात झाली. त्यासाठी कायदे केले गेले, प्रचार झाला, आणि रस्त्यावर काय मोजायचे याची एक पद्धत रूढ केली गेली. ही मोजण्याची पद्धत मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण कायद्याइतकी ती कोणाच्या डोळ्यांवर येत नाही आणि तिचा परिणाम मात्र प्रत्येक चौकात दिसतो.

सुरुवात सायकलपासून करावी लागते. १८८५च्या सुमारास दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी सेफ्टी सायकल बाजारात आली. १८८८मध्ये जॉन डनलप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. खडी, चिखल आणि बैलगाडीच्या चाकोऱ्यांनी भरलेल्या रस्त्यांवर या सायकलींचे हाल होत. त्यामुळे चांगल्या रस्त्यांची पहिली संघटित मागणी सायकलस्वारांकडून आली. ब्रिटनमध्ये सायकल संघटनांनी १८८६मध्ये रोड्स इम्प्रूव्हमेंट असोसिएशन काढली. अमेरिकेत १८८०मध्ये स्थापन झालेल्या लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन या संघटनेने १८९२पासून ‘गुड रोड्स’ नावाचे मासिकच चालवले, आणि पुढच्याच वर्षी तिथल्या संघराज्य सरकारने रस्त्यांसाठी आपले पहिले कार्यालय उघडले. ब्रिटनमध्ये रस्त्यांसाठी नेमलेल्या रोड बोर्ड या सरकारी मंडळाचे पहिले सचिव रीस जेफ्रीज हे याच सायकल चळवळीतून पुढे आलेले. रस्ता सपाट हवा, पाणी न साचणारा हवा, ही मागणी मोटार सर्वसामान्यांच्या हाती येण्याआधीची आहे.

त्या काळातला शहरी रस्ता सगळ्यांच्या वावराचा होता. माणसे कुठूनही ओलांडत, मुले तिथेच खेळत, फेरीवाले उभे राहत, ट्राम आपल्या रुळांवरून जात असे. वेगाने जाणाऱ्याने सांभाळून जायचे, हा साधा नियम होता. मोटारी वाढल्या, माणसे चिरडली जाऊ लागली, तेव्हा अमेरिकेतल्या शहरांमधला राग आधी मोटारींवरच निघाला. सिनसिनाटीत १९२३मध्ये ४२ हजारांहून अधिक लोकांनी एका अर्जावर सह्या केल्या: शहरातल्या प्रत्येक मोटारीला असे यंत्र बसवा की ती ताशी २५ मैलांपुढे, म्हणजे सुमारे ४० किलोमीटरपुढे, जाऊच शकणार नाही. मोटार विक्रेते आणि मोटार क्लब एकत्र आले, जोरदार प्रचार झाला आणि मतदानात प्रस्ताव पडला. शंभर वर्षांपूर्वी एका शहराने वेगमर्यादा थेट इंजिनात बसवायचा विचार केला होता, ही गोष्ट आज फार थोड्यांना ठाऊक आहे.

यानंतर मोटार उद्योगाने दिशा बदलली. अपघात का होतात, या प्रश्नाचे उत्तर ‘माणसे चुकीच्या जागी चालतात म्हणून’ असे दिले जाऊ लागले. रस्ता वाटेल तिथून ओलांडणे हा गुन्हा ठरवणारे नियम आले. लॉस एंजेलिसचा १९२५चा वाहतूक नियम पुढे कित्येक शहरांनी नमुना म्हणून घेतला. शाळांमधून मुलांना शिकवले गेले की रस्ता खेळायची जागा नाही. पादचाऱ्याच्या सुरक्षेची जबाबदारी पादचाऱ्यावर आली, आणि ती बऱ्याच अंशी अजून तिथेच आहे.

युरोपात हे थोडे उशिरा घडले. ब्रिटनमध्ये १९३४मध्ये परिवहनमंत्री लेस्ली होर-बेलिशा यांच्या काळात पादचाऱ्यांसाठी पिवळ्या गोळ्यांच्या खांबांची ओलांडणी आली, आणि पट्ट्यांचे झेब्रा क्रॉसिंग १९५१मध्ये. त्याच १९३४ साली लंडनच्या वेस्टर्न अव्हेन्यूवर ब्रिटनमधला पहिला सायकल ट्रॅक सुरू झाला. त्याला सर्वांत कडवा विरोध कोणी केला, तर सायकल संघटनांनी. आज स्वतंत्र ट्रॅक दिला, उद्या मुख्य रस्त्यावरून हुसकतील, अशी त्यांना भीती होती. ही भीती अनाठायी म्हणता येत नाही. ट्रॅक अरुंद, चौक आला की संपणारा, आणि तरी तो वापरलाच पाहिजे अशी सक्ती, हा अनुभव पुढे अनेक देशांतल्या सायकलस्वारांनी घेतला आहे.

बसची कथा ट्रामपासून सुरू होते. ट्रामला स्वतःचे रूळ होते, पण ते रस्त्याच्या मध्यावर होते आणि मोटारी त्यांवर चढू लागल्या. ट्राम अडली, उशीर होऊ लागला, प्रवासी तुटले, मग ‘ट्राममुळे वाहतूक अडते’ असे म्हणत रूळ उखडले गेले. लंडनची जुनी ट्राम १९५२मध्ये बंद झाली. तिच्या जागी आलेल्या बसला जागा अशी उरलीच नाही. साठ माणसांची बस एकट्या माणसाच्या मोटारीमागे उभी राहू लागली. बससाठी मार्गिका राखण्याचा प्रयोग शिकागोत १९४०च्या आसपास झाला होता, पण तो अपवाद होता.

आता मोजमापाकडे येऊ. अमेरिकेच्या ‘हायवे कपॅसिटी मॅन्युअल’च्या १९६५च्या आवृत्तीत रस्त्यांना ‘ए’ ते ‘एफ’ अशा श्रेणी देण्याची पद्धत आली. वाहने मोकळी धावत असतील तर ‘ए’, तुंबली असतील तर ‘एफ’. पद्धत सोपी होती, अभियंत्यांना सोयीची होती, म्हणून ती जगभर पसरली. तिच्यात खोट एकच होती, पण ती मोठी होती. ती वाहने मोजत होती, माणसे नाही. भरलेली बस तिच्या हिशेबात दोन-तीन मोटारींएवढी. सिग्नलला ताटकळणारी आजी हिशेबातच नाही. चौकाची श्रेणी सुधारायची तर काय करायचे? पादचाऱ्यांचा हिरवा दिवा आखडायचा, वळणाचा कोपरा गोल करायचा म्हणजे गाडीला वेग कमी करावा लागणार नाही, डावीकडे-उजवीकडे सुसाट वळण्यासाठी वेगळी पट्टी काढायची, पदपथ कापायचा, आणि माणसांना पुलावर नाहीतर भुयारात पाठवायचे. यातले प्रत्येक काम कागदावर ‘सुधारणा’ म्हणूनच नोंदले गेले. हे अभियंते कोणाचे वाईट चिंतत नव्हते. त्यांच्या हातातल्या पट्टीवर बस, पाय आणि सायकल यांच्या खुणाच नव्हत्या.

रुंदीकरणाने कोंडी सुटत नाही, हेही तेव्हा कोणाला माहीत नव्हते असे नाही. अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२मध्येच मांडले होते की शहरातला जलदगती रस्ता गर्दीच्या वेळी पुन्हा भरेपर्यंत भरतच जातो, कारण रिकामी जागा दिसली की इतर वेळचे, इतर रस्त्यांवरचे आणि इतर साधनांचे प्रवासी तिकडे वळतात. पुढच्या वर्षी ब्रिटनमध्ये कॉलिन ब्युकॅनन यांचा शहरी वाहतुकीवरचा सरकारी अहवाल आला. त्यात दोन गोष्टी होत्या: मोठ्या वाहतुकीसाठी मोठे रस्ते, आणि वस्त्यांच्या आतला भाग आरपार जाणाऱ्या वाहनांपासून मुक्त. बऱ्याच शहरांनी पहिली गोष्ट बांधली आणि दुसरी फाइलीत ठेवली.

वळण आले ते नेदरलँड्समध्ये, आणि ते अतिशय दुःखातून आले. १९७१मध्ये त्या छोट्या देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. पत्रकार व्हिक लांगेनहॉफ यांची लहान मुलगी सायकलवरून शाळेत जाताना मोटारीखाली गेली. त्यांनी १९७२मध्ये लिहिलेल्या लेखाचे शीर्षक ‘मुलांच्या हत्या थांबवा’ असे होते, आणि तेच एका चळवळीचे नाव झाले. पालकांनी रस्ते अडवले, मुलांसाठी गल्ल्या बंद करून घेतल्या, थेट पंतप्रधानांच्या दारापर्यंत धडक मारली. १९७३च्या तेलसंकटात सरकारने काही रविवारी मोटारी बंद ठेवल्या, आणि मोटारीविना शहर कसे वाटते ते लोकांनी प्रत्यक्ष पाहिले. डेल्फ्टमध्ये आधीच काही वस्त्यांत झाडे, वळणे आणि बाके घालून गाडीला चालण्याच्या वेगावर आणले गेले होते. अशा गल्ल्यांना १९७६मध्ये कायद्याने मान्यता मिळाली.

पण मला यातला पुढचा भाग जास्त शिकण्यासारखा वाटतो. डच सरकारने १९७०च्या दशकात टिलबर्ग आणि हेग या शहरांत एकेक देखणा, खर्चिक सायकलमार्ग बांधला. निकाल मध्यम लागला. आजूबाजूच्या गल्ल्यांतले सायकलस्वार नव्या मार्गावर आले, पण नवे सायकलस्वार फारसे तयार झाले नाहीत. घरापासून त्या मार्गापर्यंत आणि मार्गापासून शाळेपर्यंतचा रस्ता तसाच धोक्याचा राहिला होता. मग १९८०च्या दशकात डेल्फ्टने वेगळा रस्ता धरला. एका मार्गावर सगळा पैसा न घालता पूर्ण जाळे आखले, आणि त्यात शहर, विभाग आणि मोहल्ला असे तीन थर ठेवले. कुठे छोटा पूल, कुठे भुयार, कुठे एकेरी गल्लीत सायकलला उलट दिशेची मुभा, अशा तुटलेल्या जागा जोडल्या. सायकलचा वाटा तिथे आधीच मोठा होता, तरी तो आणखी वाढला. दाखवण्यापुरता एक किलोमीटर ट्रॅक बांधून ‘कोणी वापरत नाही’ म्हणणाऱ्यांना हे उदाहरण ऐकवले पाहिजे.

बसच्या बाबतीत असेच वळण ब्राझीलमधल्या कुरितिबा शहरात आले. वास्तुविशारद जैमे लेर्नर तिथे १९७१मध्ये महापौर झाले. १९७२मध्ये त्यांनी मुख्य व्यापारी रस्ता एका शनिवार-रविवारला धरून, सुमारे ७२ तासांत, पादचाऱ्यांसाठी करून टाकला. व्यापारी चिडले होते, मोटारवाले गाड्या घेऊन रस्ता परत मिळवायला येणार अशी खबर होती. पालिकेने रस्त्यावर कागदाचे लांब ताव अंथरले आणि मुलांना चित्रे काढायला बसवले. गाड्या परत गेल्या. १९७४मध्ये तिथे बससाठी रस्त्याच्या मध्यभागी पूर्ण वेगळ्या मार्गिका सुरू झाल्या. पण खरी कसब दिसते ती १९९१मध्ये आलेल्या काचेच्या नळीसारख्या थांब्यांत. प्रवासी तिकीट आत शिरतानाच काढतो. फलाटाची उंची बसच्या मजल्याएवढी. बस आली की एकाच वेळी सगळी दारे उघडतात, बसमधून एक फळी फलाटावर टेकते, चाकाची खुर्चीसुद्धा सरळ आत जाते. बस उशिरा का धावते, याचे अर्धे उत्तर थांब्यावर सापडते: पायऱ्या चढणे, सुटे पैसे शोधणे, एकाच दारातली ढकलाढकली. मार्गिका मिळाली आणि थांबा जुनाच राहिला, तर मिळवलेली मिनिटे तिथेच सांडतात. कोलंबियाची राजधानी बोगोटाने २०००मध्ये हेच तंत्र मोठ्या प्रमाणावर नेले. दक्षिण कोरियाची राजधानी सोलने २००४मध्ये मध्यमार्गिकांसह सगळी बसव्यवस्था फेरमांडली, आणि त्याच सुमारास शहराच्या मधोमधचा उन्नत रस्ता पाडून खालचा ओढा मोकळा केला.

चालणाऱ्यांचा इतिहास इतका ठळक नाही, तो छोट्या कामांचा आहे. कोपनहेगनने १९६२मध्ये स्ट्रोएट हा रस्ता वाहनांना बंद केला. जपानमध्ये सेइइची मियाके यांनी दृष्टिहीनांसाठी उंचवट्यांच्या फरश्या तयार केल्या आणि १९६७मध्ये ओकायामा शहरात त्या पहिल्यांदा बसल्या. पदपथाच्या टोकाला उतार देण्याची मागणी अमेरिकेत युद्धातून अपंग होऊन परतलेल्या सैनिकांकडून आणि नंतर अपंग विद्यार्थ्यांकडून आली. त्या उताराचा फायदा बाबागाडी आणि सामानाची पेटी ढकलणाऱ्यांनाही होतो. स्वीडनच्या संसदेने १९९७मध्ये ठरवले की रस्त्यावरचा कोणताही मृत्यू मान्य नाही, आणि माणूस चुकतो हे धरूनच रस्ता बांधायचा. जिथे माणसे आणि गाड्या एकत्र येतात तिथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा, हा आग्रह या विचारात बसतो.

हे तिन्ही धागे एकाच रस्त्यावर पाहायचे तर कोपनहेगनची नोरेब्रोगेड घ्यावी. २००८मध्ये तिथे ठरावीक जागी आरपार मोटारी बंद करून प्रयोग सुरू झाला. बस जाते, मोटार शेजारच्या रस्त्याने वळते. सुटलेल्या जागेत पदपथ आणि सायकल ट्रॅक रुंद झाले. सकाळी शहराकडे ताशी २० किलोमीटरने पेडल मारत राहिले तर पाठोपाठचे सिग्नल हिरवे मिळतात. गाड्यांसाठी वापरले जाणारे सिग्नलचे तंत्रच इथे सायकलच्या वेगाला जुळवले.

मोजमापही हळूहळू बदलते आहे. अमेरिकी शहरांच्या वाहतूक अधिकाऱ्यांच्या नॅक्टो या संघटनेने सुमारे तीन मीटर रुंदीची एक मार्गिका तासाला किती माणसे नेते याचे आकडे काढले: नुसत्या मोटारी असतील तर ६०० ते १,६००, स्वतंत्र बसमार्गिका असेल तर ४,००० ते ८,०००, दुहेरी सायकल ट्रॅक ७,५००च्या आसपास, आणि पदपथ सुमारे ९,०००. कॅलिफोर्नियाने २०१३मध्ये कायदा करून प्रकल्पांच्या पर्यावरणीय तपासणीत वाहनांचा खोळंबा मोजणे सोडायचे ठरवले, आणि जुलै २०२०पासून राज्यभर त्याऐवजी एकूण किती मैल मोटार चालणार हे मोजले जाते. नव्या बसमार्गिकेमुळे मोटारींना काही सेकंद जास्त लागतील, एवढ्या कारणावरून तिला पर्यावरणाला बाधक ठरवण्याची वाट त्यामुळे तिथे बंद झाली.

जे वाद उरले आहेत ते आता बसथांब्यापाशी येऊन ठेपले आहेत. सायकल ट्रॅक थांब्याच्या पुढून नेला तर प्रत्येक बस सायकलस्वाराला आडवी येते. मागून नेला तर पदपथ आणि थांबा यांच्यामध्ये ट्रॅक येतो, आणि दृष्टिहीन प्रवाशाला न ऐकू येणारी सायकल ओलांडून बस गाठावी लागते. दृष्टिहीनांच्या संघटनांनी या रचनेला विरोध केला आहे आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. ओलांडायच्या जागी ट्रॅक पदपथाच्या पातळीवर उचलणे, तिथे स्पर्शाच्या फरश्या आणि झेब्रा पट्टे देणे, आधीच वळण घालून सायकलचा वेग उतरवणे, आणि थांब्याचा फलाट पुरेसा रुंद ठेवणे हे उपाय सध्या वापरात आहेत. रस्ता अरुंद असेल तर यातला फलाटच पहिला आखडला जातो, म्हणून कामाचा आराखडा पाहायला मिळाला तर आधी त्याची रुंदी तपासावी.