सवय लागायला २१ दिवस? एक खुलासा

‘सलग २१ दिवस पहाटे उठा, सवय अंगवळणी पडेल’ या सल्ल्याचे मूळ सवयींच्या अभ्यासात नाही. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याला सरावायला रुग्णांना ‘किमान सुमारे’ २१ दिवस लागतात, असे अमेरिकी प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल माल्ट्झ यांनी १९६० साली लिहिले होते. त्यातला ‘किमान’ वाटेत गळाला, आणि बाविसाव्या दिवशी गजर बंद करून कूस बदलणारा उगाच आळशी ठरला.

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये फिलिपा लॅली व सहकाऱ्यांनी ९६ जणांना दुपारच्या जेवणासोबत फळ खाण्यासारखी एखादी कृती १२ आठवडे करायला सांगितली, तेव्हा ती आपोआप होण्याचा काळ १८ ते (गणिती अंदाजाने) २५४ दिवस निघाला, मध्यक ६६. एखादा दिवस चुकल्याने मात्र फारसे बिघडले नाही.