चालतंय ना, मग कशाला बदलायचं? जुनी विंडोज लोक सोडत का नाहीत

जळगाव-धुळ्याकडच्या जिनिंगमध्ये कापसाची गाडी वजनकाट्यावर चढते तेव्हा केबिनमधला जो कम्प्युटर वजन घेतो तो एकदा नीट बघा, अजूनही कुठं कुठं त्यावर विंडोज ७ सापडते, कुठं तर चक्क एक्सपी, आणि शेजारी डॉट मॅट्रिक्स प्रिंटर करकर करत कार्बनवाली पावती काढत असतो. मालकाला विचारलं की हे बदलत का नाही तर उत्तर येतं, "बठ्ठं चाली ऱ्हायनं भो, मंग काबरं बदलानं?"

पुण्या-मुंबईत आयटीत लागलेली पोरं सुट्टीत घरी आली की यावर हसतात. मला हे हसणं पटत नाही. त्या मालकाच्या प्रश्नाला खरं उत्तर द्यायला हवं, आणि ते द्यायचं तर आधी ऑपरेटिंग सिस्टिम नेमकं काय काम करते ते समजून घ्यावं लागतं.

आपण विंडोज म्हणजे स्क्रीनवरचे आयकॉन आणि स्टार्ट बटण समजतो. पण तिचं मुख्य काम खाली चालतं. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, प्रिंटर यांच्यात आणि आपल्या प्रोग्राममध्ये ती दुभाष्यासारखी बसलेली असते, आणि प्रत्येक वस्तूशी बोलायला तिला एक छोटा प्रोग्राम लागतो, तो म्हणजे ड्रायव्हर. वजनकाट्याचा जो डिस्प्ले असतो तो कम्प्युटरला आकडे पाठवतो ते सिरियल पोर्टवरून, आरएस-२३२ नावाच्या पद्धतीनं, आणि ही पद्धत १९६० सालची आहे. बहुतेक नवीन कम्प्युटरना तो पोर्टच नसतो. मग यूएसबीचा कन्व्हर्टर लावा, त्याच्यातल्या काही जुन्या चिपना नवीन विंडोजचा ड्रायव्हर ओळखत नाही, आणि ओळखलं तरी काट्याचं सॉफ्टवेअर ज्या पोरानं पंधरा-वीस वर्षांपूर्वी लिहून दिलं तो आता गावात नाही, त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ लिहिलेला मजकूर, कुणाकडं नाही. म्हणजे एक विंडोज बदलायची तर कन्व्हर्टर, सॉफ्टवेअर, कदाचित प्रिंटर पण, सगळी साखळी बदलायची. आणि हे कधी, तर ऐन सीझनमध्ये गेटवर गाड्यांची लाइन लागलेली असताना. मालक नाही म्हणतो ते आळशीपणानं नाही म्हणत, त्यानं हिशोब केलेला असतो.

डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या जमान्यातल्या प्रोग्रामचं तर आणखी अवघड आहे. कितीतरी पतसंस्था, आडत दुकानं, दाळ मिल यांनी आपला हिशोब फॉक्सप्रो नावाच्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये बनवलेल्या प्रोग्रामवर सुरू केला होता. हे प्रोग्राम चालवायला ३२ बिट, म्हणजे जुन्या धाटणीच्या विंडोजमध्ये एक वेगळी सोय होती, ती प्रोसेसरच्या एका जुन्या मोडवर अवलंबून होती. प्रोसेसर ६४ बिट मोडमध्ये गेला की तो जुना मोड वापरता येत नाही, त्यामुळं ६४ बिट विंडोजवर डॉसचा प्रोग्राम सरळ चालतच नाही. विंडोज १० पर्यंत ३२ बिटची आवृत्ती मिळायची, विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येते. म्हणजे तो सरळ दरवाजा आता बंद झाला, डॉसबॉक्ससारखा एम्युलेटर (जुन्या मशिनची नक्कल करणारा प्रोग्राम) किंवा व्हर्च्युअल मशिन (कम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कम्प्युटर) वापरलं तरच ते प्रोग्राम चालतात.

यात माणसाच्या मनाचाही भाग आहे. विल्यम सॅम्युअलसन आणि रिचर्ड झेकहाउसर या दोन अर्थतज्ज्ञांनी १९८८ मध्ये दाखवलं होतं की निवड करायची वेळ आली की माणसं आहे तेच धरून ठेवण्याकडं जास्त झुकतात. त्याच्या आधी १९७९ मध्ये कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी मांडलं की मिळालेल्या फायद्यापेक्षा तेवढंच झालेलं नुकसान माणसाला जास्त बोचतं, नंतरच्या त्यांच्या हिशोबानं साधारण दुप्पट. अपग्रेडमध्ये फायदा सगळा पुढं कधीतरी दिसणारा आणि नुकसान मात्र आजचं, आज बिल निघणार नाही, आज प्रिंट येणार नाही. शिवाय हाताला लागलेली सवय. रोज तीच बटणं दाबली की ती क्रिया आपण विचार करून करत नाही, सायकल चालवायची आठवण मेंदू जशी ठेवतो त्याच प्रकारची ती आठवण असते. मायक्रोसॉफ्टनं २०१२ मध्ये विंडोज ८ मधून स्टार्ट बटण काढलं, जगभर लोक इतके वैतागले की पुढच्याच वर्षी ८.१ मध्ये ते परत आणावं लागलं.

आपल्या भागात अजून एक गोष्ट आहे जी अमेरिकेत बसून अपडेट बनवणाऱ्याला दिसत नाही. नंदुरबारच्या धडगाव, अक्कलकुव्याकडं नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतं, रोजचा डेटा दीड-दोन जीबी, आणि विंडोजचं मोठं अपडेट काही जीबीचं. त्यात अपडेट अर्ध्यावर असताना लाइट गेली, इन्व्हर्टर नसला, की मशिन कधी कधी उठतच नाही. ज्याच्यासोबत असं एकदा झालं तो पुन्हा अपडेटचं बटण दाबत नाही, आणि त्याला दोष कसा द्यायचा. (सेटिंगमध्ये आपलं कनेक्शन 'मीटर्ड' म्हणून लावलं तर बहुतेक अपडेट आपोआप उतरत नाहीत, मग महिन्यातून एकदा तालुक्याला चांगल्या नेटवर नेऊन अपडेट करता येतं, हे जरूर करा.)

नवीन विंडोज जुन्या मशिनवर रखडते याचंही साधं कारण आहे. जुन्या लॅपटॉपमधली हार्डडिस्क मिनिटाला ५,४०० वेळा फिरते, म्हणजे एक फेरा सुमारे ११ मिलिसेकंदांचा, हवी ती माहिती डिस्क वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबायचं, वर डोकं सरकायला वेळ वेगळा. एसएसडी या नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये फिरणारं काही नसतंच, तिथं हेच काम मिलिसेकंदाच्या छोट्या अंशात होतं. नवीन विंडोज मागं सतत शंभर बारीकसारीक फायली वाचत-लिहीत असते, एसएसडी आहे असं धरूनच ती चालते. म्हणून जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये जाऊन नवीन लॅपटॉप घ्यायच्या आधी जुन्यात एसएसडी टाकून बघा, खूप जणांचा प्रश्न तिथंच मिटतो.

इथपर्यंत मी जुन्याच्या बाजूनं बोललो. आता दुसरी बाजू, आणि ही मला तितकीच मनापासून सांगायची आहे.

विंडोजमध्ये कोट्यवधी ओळींचा कोड आहे, त्यात चुका राहतातच, त्यातल्या काही अशा असतात की बाहेरचा माणूस नेटवरून आपल्या मशिनमध्ये शिरू शकतो. कंपनी दर महिन्याला पॅच, म्हणजे चुका दुरुस्त करणारं अपडेट, देते ते यासाठी. एक्सपीचे पॅच ८ एप्रिल २०१४ ला बंद झाले, विंडोज ७ चे सर्वसामान्यांसाठी १४ जानेवारी २०२० ला, विंडोज १० चे १४ ऑक्टोबर २०२५ ला. लोकांना वाटतं पॅच बंद म्हणजे मशिन आहे तिथंच थांबलं, काल जेवढं सुरक्षित होतं तेवढं आजही आहे. तसं नसतं. नव्या आणि जुन्या विंडोजचा बराचसा कोड एकच असतो. नव्या विंडोजला पॅच आला की हॅकर पॅचच्या आधीची आणि नंतरची फाइल शेजारी शेजारी ठेवून काय बदललं ते शोधतात, तिथून चूक नेमकी कुठं होती ते कळतं, आणि तीच चूक जुन्या विंडोजमध्ये तशीच उघडी पडलेली असते. म्हणजे जुनं मशिन एका जागी थांबत नाही, दर महिन्याला ते थोडं जास्त धोकादायक होत जातं, आणि स्क्रीनवर मालकाला यातलं काहीच दिसत नाही.

१२ मे २०१७ ला वॉनाक्राय आला, फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, दीडशेच्या आसपास देशांत दोन लाखांहून जास्त कम्प्युटर त्यानं धरले, इंग्लंडच्या सरकारी दवाखान्यांत ऑपरेशनं पुढं ढकलावी लागली. तेव्हा सगळीकडं बोललं गेलं की एक्सपीमुळं झालं. नंतर तपासलं तर सापडलेल्या मशिनमध्ये बहुतेक सगळी विंडोज ७ ची होती, एक्सपीवर तो व्हायरस नीट पसरतच नव्हता, मशिन निळा स्क्रीन दाखवून बंद पडायचं. आणि विंडोज ७ ला तर त्या वेळी सपोर्ट चालू होता, त्या चुकीचा पॅच १४ मार्चलाच आला होता, हल्ल्याच्या दोन महिने आधी! फक्त तो टाकलेला नव्हता. विंडोज जुनी की नवीन यापेक्षा पॅच टाकलाय का आणि मशिन नेटवर्कला जोडलंय का, हे दोन प्रश्न मोठे आहेत, आणि मी कुणाचंही मशिन बघायला बसलो की आधी हेच दोन विचारतो.

अमेरिकेच्या हवाई दलाची अण्वस्त्रांचे आदेश पाठवणारी यंत्रणा २०१९ पर्यंत ८ इंची फ्लॉपीवर चालत होती. ती जुनी असूनही सुरक्षित राहिली कारण इंटरनेटला जोडलेलीच नव्हती. काट्याच्या कम्प्युटरलाही हाच नियम लावता येतो, त्याची नेटची वायर काढा, वायफाय बंद करा, पेनड्राइव्ह लावायचाच तर एकच ठरलेला लावा, आणि ते मशिन खुशाल चालू द्या. पण त्याच मशिनवर बँकेचं लॉगिन, जीएसटी, मेल करत असाल तर ते आजच थांबवा, हे मी हात जोडून सांगतो. बँकांनासुद्धा एटीएममधला एक्सपी काढायला रिझर्व्ह बँकेला २०१८ मध्ये टप्प्याटप्प्याची मुदत घालून द्यावी लागली होती, जून २०१९ पर्यंत सगळी मशिनं बदला म्हणून.

तसंही नेटवरचं काम जुन्या मशिनवर हळूहळू आपोआपच बंद पडतं. वेबसाइट आणि ब्राउझर आपसात जी गुप्त भाषा वापरतात तिच्या जुन्या आवृत्त्या मोठ्या ब्राउझरांनी २०२० च्या सुमारास काढून टाकल्या, एक्सपीच्या इंटरनेट एक्सप्लोररला नवीन येत नाही, म्हणून साइट उघडतच नाही. क्रोमनं विंडोज ७ ला फेब्रुवारी २०२३ मध्ये सोडलं. बरेच लोक अपग्रेड करतात ते असं, नवीन आवडलं म्हणून नाही तर जुन्यावर पोर्टल उघडेना म्हणून.

विंडोज १० वाल्यांचं काय, हे सध्या सगळे विचारतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची गुप्त किल्ल्या सांभाळणारी सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, म्हणजे २०१७ च्या आधीचे धडधाकट लॅपटॉपही बाद. मला हे चुकीचं वाटतं. लॅपटॉपच्या पूर्ण आयुष्यात जेवढा कार्बन हवेत जातो त्यातला मोठा वाटा तो बनवतानाच गेलेला असतो, चालणारं मशिन भंगारात घालणं परवडणारं नाही, ना खिशाला ना हवेला. घरच्या वापरासाठी कंपनीनं १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा अपडेटची सोय जाहीर केली, सेटिंगमधल्या अपडेटच्या पानावर ती दिसते, ती घ्या. आणि ज्यांचं काम ब्राउझर, यूट्यूब आणि पत्र लिहिण्यापुरतं आहे त्यांनी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम पेनड्राइव्हवरून चालवून बघावं, इन्स्टॉल न करता बघता येतं.

आता डीटीपीवाल्यांबद्दल, म्हणजे कम्प्युटरवर छपाईची पानं लावून देणाऱ्यांबद्दल, कारण माझा जीव सगळ्यात जास्त तिथं अडकलाय. लग्नसराईत पत्रिका छापणारी आपल्याकडची कितीतरी दुकानं पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरवर आणि जुन्या मराठी फॉन्टवर चालत आली. पेजमेकरची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ ची आणि तिला युनिकोड कळत नाही. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला जगभर एकच नंबर असतो, 'क' म्हणजे ०९१५, कुठंही उघडा 'क'च दिसणार. जुन्या फॉन्टमध्ये तसं नव्हतं, इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असायचे, अर्धा क, काना, वेलांटी असे, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. कम्प्युटरला वाटतं आपण इंग्रजीच टाइप करतोय. तो फॉन्ट नसेल तर फाइल उघडल्यावर नुसती चित्रविचित्र चिन्हं, आणि काही पॅकेजला वर डोंगल, म्हणजे कम्प्युटरला लावायची छोटी किल्लीसारखी वस्तू, लागायचं, त्याचा जुना ड्रायव्हर ६४ बिट विंडोज घेत नाही. म्हणून तो दुकानदार एक्सपी जपून ठेवतो, कारण त्याचं वीस वर्षांचं काम त्याच मशिनवर वाचता येतं.

आणि त्या वीस वर्षांत फक्त पत्रिका नाहीत. अहिराणी, लेवा गणबोली, पावरी, भिलोरी या आपल्या बोलींतलं नेटवर फार थोडं आहे, पण कवितांची छोटी पुस्तकं, गावच्या स्मरणिका, लग्नातल्या गाण्यांचे संग्रह, हे सगळं याच दुकानांत टाइप झालं. छापलेल्या प्रती वाटून संपल्या, फाइल त्या जुन्या डिस्कवर आहे, आणि ती फिरणारी डिस्क कधी ना कधी जाणारच. लेखक मंडळींनी, त्यांच्या घरच्यांनी त्या दुकानात जाऊन फाइल मागून घ्यावी. दुकानदारानं आधी पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, दुसऱ्या डिस्कवर घ्यावी, ती पुढं व्हर्च्युअल मशिनमध्ये नवीन कम्प्युटरवरही चालवता येते. मग महत्त्वाच्या फायलींची पीडीएफ करावी, म्हणजे निदान डोळ्यांनी वाचता येईल, आणि त्यानंतर मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा, त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात. बदलून झालं की 'ऱ्ह' आणि 'ऱ्य' असलेले शब्द आधी तपासा, कारण हा र युनिकोडमध्ये दोन पद्धतींनी लिहिता येतो आणि कन्व्हर्टर तिथं हमखास चुकतात, आणि अहिराणीत तर 'ऱ्ह' पानोपानी येतो.