संघटनात्मक संज्ञापन आणि संशोधकाची सांस्कृतिक पार्श्वभूमी

कार्यालये, कारखाने, रुग्णालये अशा संघटनांमध्ये आदेश, तक्रारी आणि अफवा कशा फिरतात आणि त्यांतून माणसे काय अर्थ घेतात, याचा अभ्यास म्हणजे संघटनात्मक संज्ञापन. संशोधक ज्या भाषेत आणि सामाजिक स्तरात वाढला, त्याची छाप त्याच्या प्रश्नांवर आणि निष्कर्षांवर पडते. ही छाप पूर्वी दोष मानली जात असे. वस्तुतः ती ज्ञानाचे साधनही ठरते.

बैठकीत वरिष्ठांनी प्रस्ताव मांडला आणि एक कनिष्ठ कर्मचारी वहीत पाहत गप्प राहिला, असे समजा. रोखठोक बोलण्याच्या वळणात वाढलेला निरीक्षक ‘सहभाग नाही’ अशी नोंद करील. थोरांना चारचौघांत विरोध करू नये, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेल्या निरीक्षकाला मात्र त्याच मौनात नकार जाणवू शकतो, आणि बैठक संपल्यावर तो कर्मचारी कोणाजवळ काय बोलला, याची तो चौकशी करील.

प्रश्नावलीसुद्धा यातून सुटत नाही. डच सामाजिक मानसशास्त्रज्ञ खेर्त हॉफस्टेड यांनी आयबीएम कंपनीच्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या एक लाखाहून अधिक प्रश्नावल्यांच्या आधारे १९८० मध्ये राष्ट्रीय संस्कृतींची चार परिमाणे, म्हणजे संस्कृतींची तुलना करण्याच्या चार मोजपट्ट्या, मांडली. हाँगकाँगमधील मानसशास्त्रज्ञ मायकेल बाँड यांनी चिनी अभ्यासकांनाच त्यांची मूलभूत मूल्ये विचारली, त्यांतून ४० मूल्यांची प्रश्नावली तयार केली आणि ती २२ देशांतील विद्यार्थ्यांना दिली. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत चिकाटी, काटकसर यांच्याशी निगडित असे एक परिमाण आढळले, जे आधीच्या चारांपैकी कशाशीही जुळत नव्हते. पुढे हॉफस्टेड यांनी ते पाचवे परिमाण म्हणून स्वीकारले. बाँड स्वतः मूळचे कॅनडाचे. त्यामुळे येथे निर्णायक ठरली ती ज्यांच्या उत्तरांतून प्रश्न घडले त्या चिनी अभ्यासकांची पार्श्वभूमी, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे.

अमेरिकेत ब्रेंडा ॲलन यांनी १९९६ मध्ये कृष्णवर्णीय प्राध्यापिका म्हणून आलेल्या स्वानुभवाच्या आधारे, नवागत व्यक्ती संघटनेत कशी रुळते यासंबंधीच्या प्रचलित सिद्धांतांची फेरतपासणी केली. रुळण्याची प्रक्रिया सर्वांसाठी सारखीच असते, हे गृहीतक त्यामुळे टिकले नाही.

अर्थात, जवळीक काही गोष्टी झाकतेही. जे रोजचेच आहे ते घरच्या माणसाच्या नजरेतून निसटते. शिवाय एकाच संस्कृतीत वर्ग, लिंग आणि पिढी यांनुसार अनुभव बदलतो. म्हणून एकच संभाषण भिन्न पार्श्वभूमीच्या संशोधकांनी स्वतंत्रपणे वाचावे आणि त्यांच्या अर्थनिर्णयांत जेथे तफावत येईल, तेथे सरासरी न काढता ती तफावतच तपासावी, ही पद्धत उपयुक्त ठरते.