थरथर वेगळी, उसळी वेगळी

लग्नसराई तोंडावर आली की हमखास विचारलं जातं : पाच अक्षांच्या स्टॅबिलायझेशनची (म्हणजे पाच तऱ्हांनी हलणं आतल्या आत सावरणारी) नवी बॉडी, म्हणजे लेन्सविना कॅमेरा, घ्यावी, की आहे त्याच बॉडीला गिंबल, म्हणजे कॅमेरा मोटरींवर तोलून धरणारा दांडा? जणू दोन्ही एकाच दुखण्याची औषधं. तशी ती नाहीत.

कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन बहुतेकांना ठाऊक आहे. लेन्समधलं असेल तर काच सरकते, बॉडीतलं असेल तर सेन्सर. इलेक्ट्रॉनिक प्रकारात काहीच सरकत नाही, फ्रेमच्या कडा कापून चित्र जागेवर ठेवलं जातं. खोक्यावरचे ‘५ स्टॉप’, ‘७ स्टॉप’ हे आकडे स्थिर फोटोच्या शटरचे असतात (एक स्टॉप म्हणजे शटर दुप्पट वेळ उघडं ठेवण्याची मुभा). त्यांवरून व्हिडिओचा कॅमेरा निवडणं म्हणजे बैलाचे दात मोजून ट्रॅक्टर घेणं.

गिंबलमध्ये तीन मोटरी. एक झुकणं सांभाळते, दुसरी वळणं, तिसरी कलणं. तिन्ही कॅमेरा फिरवतात, उचलत एकही नाही. गोंधळाची गाठ इथंच आहे.

हातातला कॅमेरा दोन तऱ्हांनी हलतो. जागच्या जागी किंचित वळतो, ती थरथर. चालताना अंग दर पावलाला साधारण ४ सेंमी वर-खाली होतं आणि त्याबरोबर अख्खा कॅमेराही, ती उसळी. थरथरीला अंतराशी देणंघेणं नाही : फुल फ्रेमवर (३६ मिमी रुंदीच्या सेन्सरवर) २४ मिमी लेन्स आणि १०८० चा व्हिडिओ धरला, तर १ अंश झुकल्यावर चित्र सुमारे २२ पिक्सेल सरकतं, समोर नवरी असो की डोंगर. ८५ मिमीवर तोच १ अंश जवळपास ८० पिक्सेल. उसळीचा सगळा खेळ मात्र अंतराचा. त्याच २४ मिमीवर ४ सेंमीची उसळी दीड मीटरवरच्या नवरदेवाला ३४ पिक्सेल उडवते, १०० मीटरवरच्या तटबंदीला अर्धा पिक्सेल. म्हणून देवगिरीच्या किल्ल्याकडे कॅमेरा रोखून चालत घेतलेली ट्रायल एकदम निवांत दिसते आणि परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, निघाल्यावर नवरदेवासमोर उलटं चालताना तोच गिंबल डुचमळतो. गिंबल बिघडलेला नसतो. उसळी त्याच्या कामातच बसत नाही. पाच अक्षांतले दोन सरकण्याचे असतात हे खरं, पण ते जवळून घेतलेल्या फोटोतल्या बारीक हालचालीपुरते.

उसळीवर इलाज गुडघ्यांत आहे. ते थोडे वाकवा, पावलं आखूड टाका. पुढं जाताना टाच आधी टेकवून पाऊल घोळवत न्या, मागं जाताना बोटं आधी. दीड मीटरचं अंतर तीन मीटर केलं की उसळी निम्मी होते, फुकटात.

उभ्यानं काम असेल, म्हणजे सप्ताहातलं कीर्तन, भाषणं, हळदीतले क्लोजअप, तर गिंबल ही निव्वळ हौस. बॉडीतलं स्टॅबिलायझेशन आणि मोनोपॉड, म्हणजे एका पायाचा स्टँड, पुरे. मोनोपॉडला सगळे का नाकं मुरडतात, कळत नाही. दोन तासांच्या कीर्तनात हात भरून येतात, दांड्याचं काही जात नाही. फक्त कॅमेरा सावकाश वळवायचा असेल तर स्टॅबिलायझेशन बंद करून पाहा. मुद्दाम वळवलेलंही त्याला थरथर वाटतं. ते आधी अडवून धरतं, मग झटक्यानं सोडतं.

चालत शूट असेल तर गिंबलच. त्याचा तोल मोटरी बंद ठेवून, पण लेन्स, बॅटरी, कार्ड सगळं चढवून, झाकण काढून आणि झूम ठरवून करायचा : आधी झुकणं, मग कलणं, शेवटी वळणं. कॅमेरा कुठल्याही कोनात सोडला तरी तिथंच राहिला पाहिजे. ‘थोडं इकडंतिकडं मोटर सांभाळून घेते’ म्हणणाऱ्याकडून जुना गिंबल कधीच घेऊ नका. मोटर गुणगुणते, तापते, बॅटरी लवकर उतरते आणि चित्रात बारीक कंप येतो. १६ मिमीसारख्या रुंद लेन्सवर फ्रेमचे कोपरे डुलताना दिसले तर बॉडीतलं स्टॅबिलायझेशन बंद करा.

इलेक्ट्रॉनिकवाल्यांनी रात्रीच्या वरातीत शटर १/५० सेकंदाऐवजी १/१०० ठेवावं. १/५० वर चित्र जागेवर थांबतं, पण प्रत्येक फ्रेममधला हलल्याचा फराटा तसाच राहतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं १/१०० वरही दिवे लुकलुकत नाहीत. प्रकाश मात्र निम्मा होतो, तेव्हा दिवेवाल्याला जवळच चालायला सांगा.